अडीचशे रुपयांत खातं कसं हलवावं

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. ज्यांचं बँकेत एकच खातं आहे, तेही वडिलांनी काढून दिलेलं, आणि पासबुक भरायला गेल्यावर ज्यांना शाखेतला शिपाई "आज कसं काय इकडं?" असं विचारतो, अशा सातारा-सांगलीकडच्या सुखी माणसांसाठी. अशा माणसाच्या कानावर अलीकडे कोणीतरी घातलेलं असतं की खातं बदललं की पैसे मिळतात. घालणारा बहुधा परदेशातला भाचा असतो.

भाचा थापा मारत नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१३ पासून खातं एका बँकेतून दुसरीत नेण्याची रीतसर सोय आहे. अर्ज केला की कामाच्या सात दिवसांत नवी बँक सगळं हलवून घेते. पगार, घरभाडं, विजेचं बिल, सगळं. जुन्या खात्यावर कोणी चुकून पैसे पाठवले तर तेही आपोआप नव्या खात्याकडे वळतात. वर नवं गिऱ्हाईक आलं म्हणून बँकच शे-दीडशे पौंड खात्यात टाकते. मिरजेच्या मावशीनं हे व्हिडिओ कॉलवर ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पासबुक पिशवीत घालून घराबाहेर पडली. मार्गदर्शनाची गरज इथून सुरू होते.

कारण आपल्याकडे ती सोय नाही. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं २०११ पासून देशभर चालतं. खात्याचा नंबरही असाच बरोबर नेता यावा, असं रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा २०१७ साली बोलले होते. बोलणं ऐकून बँकांनी माना डोलावल्या आणि खात्याचा नंबर बँकेतच राहिला. म्हणजे भाच्याच्या गावी जे सात दिवसांत परस्पर होतं ते इथं तुम्हाला पायी करायचं आहे.

पायरी पहिली : बक्षीस किती ते बघून घ्या

रिझर्व्ह बँकेनं २०१६ साली ठेवींवरच्या व्याजाबद्दल निर्देश काढले. ठेव घेताना बँकेनं ठेवीदाराला काय देऊ नये, हे त्यांत लिहून ठेवलं आहे. सोडत नको, लॉटरी नको, देशातली किंवा परदेशातली फुकट सहल नको. द्यायचंच असेल तर २५० रुपयांपर्यंतची वस्तू द्या. अडीचशे रुपयांत साताऱ्यात अर्धा किलो कंदी पेढे जेमतेम येतील. तेव्हा नियमानं चालणाऱ्या बँकेत नवं खातं काढल्यावर हाती येणार भिंतीवरचं कॅलेंडर, बॉलपेन, कापडी पिशवी आणि मॅनेजर हौशी असला तर स्टीलचा डबा. भाच्याच्या पौंडांशी याची बरोबरी करू नये, मन खट्टू होतं.

बक्षीस याहून मोठं दिसत असेल तर शक्यता दोनच. ते व्याजाच्या रूपानं येतंय, नाहीतर देणारी बँकच नाही. दोन्हींकडे आपण येणार आहोत. मोबाइलवरच्या स्क्रॅच कार्डाचा प्रकार वेगळा. ते खरवडलं की बहुधा एखाद्या दुकानाचं कूपन निघतं आणि ते दुकान पुण्याच्या अलीकडे नसतं.

पायरी दुसरी : गणित करू नका

गणित केलं तर पुढच्या पायऱ्यांची गरजच पडत नाही आणि मार्गदर्शिका वाया जाते. तरी काही वाचक हट्टी असतात, त्यांच्यासाठी.

समजा एक लाखाची ठेव साडेसहा टक्क्यांनी वर्षभरासाठी ठेवली आहे. आठ महिने झाले आणि समोरच्या बँकेनं सात टक्क्यांचा फलक लावला. ठेव मोडायला गेलात तर जुनी बँक साडेसहा देत नाही. ठेव प्रत्यक्ष जितके महिने राहिली त्या मुदतीचा दर धरते, समजा सहा, आणि त्यातून मुदतीआधी मोडल्याचा दंड म्हणून एक टक्का वजा करते. उरले पाच. साडेसहानं आठ महिन्यांचे ४,३३३ रुपये झाले असते, पाचानं होतात ३,३३३. गेले हजार. उरलेल्या चार महिन्यांत नव्या बँकेतल्या अर्ध्या टक्क्याचे मिळणार १६७. त्यात डब्याचे २५० धरले तरी ५८३ रुपयांचा खड्डा पडतो. मिरज ते सांगली रिक्षा यात धरलेली नाही.

बचत खात्याचं तर आणखी गमतीचं. त्यावरचं व्याज २५ ऑक्टोबर २०११ पासून बँका आपापलं ठरवतात. स्टेट बँकेनं जून २०२५ मध्ये ते अडीच टक्क्यांवर आणलं. काही स्मॉल फायनान्स बँका ठरावीक शिलकीच्या वर याच्या दुप्पट आणि त्याहूनही अधिक देतात. फरक खरा आहे, फसवणूक नाही. पण आपल्या खात्यात वर्षभर असतं किती? उसाचं बिल आलं की चार दिवस लाखभर दिसतात. मग सोसायटी, खताचं दुकान, मुलाची फी, मेहुण्याची उसनवारी, आणि उरतात सहा हजार. सहा हजारांवर अडीच टक्के जादा म्हणजे वर्षाचे दीडशे रुपये. डब्यापेक्षाही कमी.

आता खरी मौज सांगतो. ज्याच्या डोक्यावर पंचवीस लाखांचं गृहकर्ज आहे त्यानं ते अर्ध्या टक्क्यानं स्वस्त बँकेत नेलं तर पहिल्या वर्षीच बारा हजारांच्या आसपास वाचतात. व्याज तरतं असेल तर घरकर्ज मुदतीआधी फेडल्याचा दंडही बँकांना २०१२ पासून लावता येत नाही. प्रक्रिया शुल्क आणि स्टॅम्पचा खर्च जाऊनही बऱ्याचदा फायदा राहतो. तिकडे कोणी हलत नाही, कारण तिकडे डबा नाही. सहा हजारांची शिलक हलवायला माणूस अर्ध्या दिवसाची रजा टाकतो आणि पंचवीस लाखांच्या कर्जाबद्दल म्हणतो, "जाऊ दे, आता कोण परत कागदं गोळा करणार."

पायरी तिसरी : खात्याला काय काय जोडलंय ते आठवू नका

शहरातल्या पगारदार माणसाला वाटतं, खातं म्हणजे पैसे ठेवायची जागा. आपल्याकडे ते पैसे यायची वाट असतं. रेठऱ्याचा कृष्णा असो, साखराळ्याचा राजारामबापू, कुंडलचा क्रांती नाहीतर शेंद्र्याचा अजिंक्यतारा, कारखान्याच्या शेती ऑफिसात तुमच्या नावापुढे एक खाते नंबर लिहिलेला असतो. तोच नंबर विकास सोसायटीच्या सचिवाकडे असतो आणि तोच जिल्हा बँकेच्या शाखेत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, मिळायला हवी. ती प्रत्यक्षात कधी मिळते, यावर प्रत्येक गावच्या पारावर वेगळी मार्गदर्शिका तोंडपाठ आहे. पण मिळते तेव्हा त्याच नंबरावर पडते, आणि पडायच्या आधी सोसायटीचं पीककर्ज कापून पडते.

ही कपात लोकांना टोचते. तरी तिच्यामुळेच कर्ज मुदतीत फिटतं, आणि मुदतीत फिटलेलं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज महाराष्ट्रात शून्य टक्क्यानं पडतं. केंद्र आणि राज्य मिळून व्याज भरतात. ही सवलत सहज गमावण्याचा मार्ग म्हणजे हंगामाच्या मध्येच खातं बदलणं. मग कारखान्याच्या शेती ऑफिसात संवाद साधारण असा होतो.

"सायेब, माझं खातं बदललंय. ह्ये नवं पासबुक."

"कधी बदललं?"

"म्हैना झाला की."

"याद्या दिवाळीत गेल्या. यंदा जुन्याच खात्यावर पडंल. पुढच्या हंगामाला चिटबॉयकडं झेरॉक्स द्या."

"जुनं बंद केलं वो."

यावर साहेब चष्मा काढतात. बिल परत येतं, परत आलेलं बिल कुठल्या तरी तात्पुरत्या खात्यात बसतं, सोसायटीची तारीख उलटते, आणि शून्य टक्क्याचं कर्ज रात्रीत थकबाकी होऊन बसतं. अडीचशेच्या डब्यासाठी हे फार झालं.

घरातल्या बाईचं खातं हलवायचं असेल तर आणखी काळजी घ्या, म्हणजे अजिबात घेऊ नका. सरकारी योजनेचा फॉर्म भरताना तुम्ही खाते नंबर कुठलाही लिहा, थेट लाभाचे पैसे जातात ते ज्या बँकेशी आधार शेवटचं जोडलं गेलं तिथं. नवं खातं काढताना फॉर्मच्या मागच्या पानावर, थेट लाभ या खात्यात हवा का, अशी एक चौकट असते. काउंटरवरची मुलगी पेन फिरवत म्हणते, "काकू, इथं, इथं आणि इथं सही करा." काकू तिन्ही ठिकाणी करतात. पुढच्या महिन्यापासून गॅसचं अनुदान, किसान सन्मानचे दोन हजार आणि लाडक्या बहिणीचा हप्ता नव्या बँकेत पडू लागतात आणि काकू जुन्या बँकेत जाऊन "माझे पैसे का आले नाहीत" म्हणून भांडतात. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीणचे पहिले हप्ते आले तेव्हा असे कितीतरी शोध लागले. कोणाचे पैसे पूर्वी कधीतरी शिबिरात काढलेल्या खात्यात गेले होते, कोणाचे माहेरच्या गावातल्या शाखेत, आणि ते खातं आपलं आहे हेच बाई विसरून गेली होती. त्या गर्दीत आधार कुठं जोडलंय हे बघायला लोकांनी सायबर कॅफेवाल्याला पन्नास-पन्नास रुपये मोजले. ते स्वतः फुकटात पाहता येतं, आधारच्या संकेतस्थळावर. पण मार्गदर्शिका नवशिक्यांची आहे, त्यांनी पन्नास रुपये द्यावेत.

एलआयसीचा हप्ता, दुचाकीच्या कर्जाचा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी, हे सगळं जुन्या खात्यातून आपोआप कापलं जायचं. कोणी काय काय लावलंय याची यादी घरात कोणाकडेच नसते. ती यादी तयार करण्याची उत्तम पद्धत म्हणजे खातं रिकामं करून महिनाभर थांबणं. एकेक हप्ता परत जातो आणि एकेक फोन येतो. दंड दोन्हीकडून लागतो, कर्ज देणाऱ्याचा वेगळा आणि जुन्या बँकेचा वेगळा.

व्यापारी मंडळींना मात्र गंभीरपणे सांगावं लागेल. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा आणि तासगावला बेदाण्याचा व्यवहार करणाऱ्याच्या हातून पुढच्या तारखेचे चेक गेलेले असतात. काही चेक समोरच्याच्या तिजोरीत पडून असतात आणि आपण विसरलेलो असतो. अशा वेळी खातं बंद केलं आणि चेक "खाते बंद" असा शेरा मारून परत आला, तर "शिल्लक नव्हती" हा गुन्हा झालाच नाही, असं काहींना वाटतं. सर्वोच्च न्यायालयानं १९९९ सालीच सांगून टाकलं आहे की खातं बंद असणं हेही चेक न वटण्याबद्दलच्या कलम १३८ मध्ये बसतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आळशी वाचकांसाठी सोपी पद्धत

इतकी यातायात नको असेल तर काहीही करू नका. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची खासियत अशी की माणूस जागचा हलला नाही तरी बँक त्याच्या हाताखालून हलते.

साताऱ्यात १९३६ साली अण्णासाहेब चिरमुल्यांनी युनायटेड वेस्टर्न बँक काढली. कितीतरी घरांत तीन पिढ्यांचं पासबुक तिथलं. २ सप्टेंबर २००६ रोजी, घराघरांत गणपती बसलेले असताना, तिच्यावर सरकारी निर्बंध आले, पैसे काढण्यावर मर्यादा आली. शाखांपुढे रांगा लागल्या. ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली. ठेवीदारांचे पैसे सुरक्षित राहिले आणि सकाळी उठल्यावर सातारकर मुंबईच्या बँकेचे खातेदार झाले. जानेवारी २०१९ मध्ये त्या आयडीबीआयची बहुसंख्य मालकी एलआयसीकडे गेली. चिरमुल्यांनी बँकेच्या आधी, १९१३ साली, साताऱ्यातच वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली होती आणि १९५६ च्या राष्ट्रीयीकरणात ती एलआयसीत गेली होती. म्हणजे संस्थापकाची विमा कंपनी जिच्यात विरघळली तिच्याच ताब्यात त्यांची बँकही फिरून आली. हा प्रवास साताऱ्याच्या खातेदारानं एका जागी बसून केला.

सांगलीकरांचंही तसंच. १९१६ साली निघालेली सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. ज्या काउंटरवर हरभट रोडच्या दुकानदाराला नावानं हाक मारली जायची तिथं टोकनचं यंत्र आलं. मिरज स्टेट बँक तर त्याआधीच, १९८५ साली, युनियन बँकेत गेली होती. आणि कराडच्या बँक ऑफ कराडचं काय झालं हे देशाला ठाऊक आहे. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात खोट्या बँक रिसीटवर तिचं नाव निघालं. दलाल स्ट्रीटवरच्या एका माणसाचा खेळ आणि कोयनाकाठच्या ठेवीदाराची झोप उडाली. पुढे तिच्या शाखा बँक ऑफ इंडियाकडे गेल्या.

प्रत्येक बदलात नवं पासबुक, नवं चेकबुक, नवा आयएफएससी, आणि कारखान्यापासून गॅस एजन्सीपर्यंत सगळीकडे पुन्हा झेरॉक्स. म्हणजे खातं हलवण्याचा सगळा त्रास. बक्षीस मात्र कोणी अडीच रुपयांचंही दिलं नाही.

पायरी चौथी : जुनं खातं अर्धवट सोडा

नवं खातं निघालं की जुन्यात चार-पाचशे रुपये ठेवून विसरून जावं. किमान शिलकीचा दंड, एटीएम कार्डाची वार्षिक फी, एसएमएसचे पैसे, असं थोडं थोडं जात राहतं. दोन वर्षं तुम्ही काही व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागृती निधीकडे जाते. ती परत मिळते, उद्गम नावाच्या पोर्टलवर शोधता येते, फक्त शोधणारा हयात हवा, आणि नॉमिनी लिहिलेला असला तर काम सोपं. नॉमिनीच्या रकान्यात बऱ्याच जुन्या खात्यांवर खातेदाराची आई असते. नव्या कायद्यानं नोव्हेंबर २०२५ पासून चार जण नेमता येतात. चौघांत भांडणं लावायची ही नवी सोय आहे, असं विट्याच्या एका मामांचं मत पडलं.

बंद करायला गेलात तर बऱ्याच बँका पहिल्या चौदा दिवसांत किंवा एक वर्षानंतर काही घेत नाहीत, मधल्या काळात घेतात. म्हणून डब्यासाठी काढलेलं खातं डब्याला पोचे पडेपर्यंत ठेवावं.

पायरी पाचवी : व्याजाचा फलक जितका मोठा तितकं जवळ जा

आता बक्षीस व्याजातून येतं तो प्रकार. इथं थट्टा थोडी आवरावी लागते, कारण या दोन जिल्ह्यांत यात माणसांची हयातभराची कमाई गेली आहे.

अर्धा-पाऊण टक्का जास्त मिळतो म्हणून मोठ्या बँकेतली ठेव मोडून गावातल्या सहकारी बँकेत नेणं यात नवल नाही. संचालक ओळखीचा असतो, मॅनेजर लग्नाला येतो, आणि तिथं जो मान मिळतो तो वातानुकूलित शाखेत मिळत नाही. कित्येक सहकारी बँका उत्तम चालल्या आहेत. पण कराड जनता सहकारी बँकेवर नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्बंध आले आणि ७ डिसेंबर २०२० रोजी परवाना रद्द झाला. शिराळ्याच्या सर्जेरावदादा नाईक शिराळा सहकारी बँकेचा २०२२ साली, वाईच्या हरिहरेश्वर सहकारी बँकेचा जुलै २०२३ मध्ये. कराडच्या वेळी रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना विम्यातून पूर्ण पैसे मिळतील. खरं आहे. हा विमा ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचा आहे, त्याआधी १९९३ पासून एक लाखाचाच होता. पाच लाख मुद्दल आणि व्याज धरून, एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून.

उरलेल्या एक टक्क्यात कोण येतात ते बघा. निवृत्तीची रक्कम एकरकमी ठेवलेले शिक्षक, जमीन रस्त्यात गेली त्याचे पैसे आलेला शेतकरी, मुलीच्या लग्नाची तजवीज करून ठेवलेलं घर. ज्यांच्याकडे आयुष्यात एकदाच मोठी रक्कम येते तेच नेमके ती एका ठिकाणी, जास्त दराच्या ठिकाणी ठेवतात. पाच लाखांच्या वरचे पैसे अवसायक कर्जं वसूल करील तेव्हा, करील तितके. निर्बंधांचा काळही धरायला हवा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळण्याची तरतूद झाली, कराडकरांना त्याआधी तीन वर्षं वाट बघावी लागली. त्या तीन वर्षांत अर्ध्या टक्क्याचं जादा व्याज काय कामाचं होतं, हे त्यांनाच विचारावं.

आणि पतसंस्था? दारात येणारा पिग्मी एजंट, दुकानाच्या गल्ल्यातून रोज पन्नास-शंभर घेऊन पावती फाडणारा. सणाला चांदीचं नाणं, ठेवीवर बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त. पतसंस्था ही बँक नाही, तिच्या ठेवींना तो पाच लाखांचा विमा लागू नाही, आणि तिच्यावर नजर रिझर्व्ह बँकेची नसून सहकार खात्याची. चांगल्या पतसंस्था आहेत, त्यांनी छोट्या दुकानदाराला उभं केलंय. तरी ठेव ठेवताना पावतीच्या मागचं बघण्याऐवजी नाणं किती ग्रॅमचं हे बघणारे लोक मी मी म्हणणारे असतात.

बँक नक्की बँक आहे ना आणि तिचा विमा आहे ना, हे बघण्याचा मार्ग सोपा आहे. शाखेत ठेव विमा महामंडळाचा फलक शोधा. तो बहुधा झेरॉक्स मशीनच्या मागे असतो.

शेवटची पायरी : ज्यांना रोखच हवी आहे

इथंवर येऊनही ज्यांना डबा नको, नाणं नको, रोख रक्कमच हवी आहे, त्यांच्यासाठी एक देणारा आहे. तो टेलिग्रामवर भेटतो किंवा कॉलेजच्या कट्ट्यावर, मित्राचा मित्र म्हणून. फार काही मागत नाही. नवं खातं काढ, पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम मला दे, पाच-दहा हजार घे. कधी म्हणतो कमिशन देईन, कधी म्हणतो माझ्या खात्याची मर्यादा संपलीय, कधी ऑनलाइन गेमिंगच्या कंपनीचं नाव सांगतो. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर किंवा सांगलीच्या विश्रामबागेत बसून आजवर कुठल्याच बँकेनं असं पाच हजारांचं बक्षीस दिलेलं नाही, हे त्या पोराच्या लक्षात येत नाही. पहिली पायरी त्यानं वाचलेली नसते.

त्या खात्यात मग डिजिटल अटकेची धमकी देऊन हैदराबादच्या एखाद्या निवृत्ताकडून काढलेले किंवा शेअरच्या खोट्या ॲपमधून लुबाडलेले पैसे येतात आणि दहा मिनिटांत पुढच्या चार खात्यांत पांगतात. फसलेला माणूस १९३० वर फोन करतो, तक्रार सायबर पोर्टलवर जाते, आणि पैसे ज्या ज्या खात्यांतून गेले ती खाती एकामागून एक गोठवली जातात. बँकांकडेही आता अशी खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या संस्थेनं बनवलेलं म्यूलहंटर नावाचं यंत्र आहे. ते कॉलेजची हजेरी बघत नाही.

खातं ज्याच्या नावावर तो सापडतो, कारण केवायसीला आधार, पॅन आणि फोटो त्यानंच दिलेला असतो. ज्यानं पाच हजार दिले त्याचं खरं नाव त्याला ठाऊक नसतं. त्याच नावानं घरच्या बँकेत दुसरं खातं असेल, त्यात आईच्या दवाखान्यासाठी ठेवलेले पैसे असतील, तर तेही अडकू शकतं. आणि पोलिसांची नोटीस येते ती तेलंगणातून नाहीतर तमिळनाडूतून, तक्रार जिथं झाली तिथल्या ठाण्याची. हजर राहायला तिकडे जावं लागतं, वकील तिकडचा करावा लागतो, आणि जाण्यायेण्याचं भाडं खातं भाड्यानं घेणारा देत नाही.